रोग माहेरचा नव्हता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोच्या, सुशीलाच्या आजाराबद्दल कुणी विचारलं, तर ऑपरेशन आणि औषधं एवढंच सांगायचो.

सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरून बेळगावच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या फुप्फुसातली गाठ दाखवली. मग बायॉप्सी झाली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

"विडी-सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी चूल फुंकली, ह्यांनी विड्या," सुशीला म्हणाली. "फुंकणं दोघांचंबी झालंय बघा." डॉक्टर हसले. निपाणीच्या तंबाखू वखारीतून आलो की मी माजघरात बसूनच विडी ओढायचो.

ऑपरेशननंतर गाठीची जीन एक्स्प्रेशन तपासणी झाली. कोणता जीन किती जोरानं काम करतोय, ते तीत कळतं. काही जीन फारच जोरात होते, म्हणून आजार उलटण्याचा धोका जास्त. केमो द्यावी लागणार होती.

मी त्यातलं 'जीन' तेवढंच ऐकलं.

बाहेर बाकावर माझा मेव्हणा बाबू बसला होता, शेजारी सुशीलाला बघायला आलेले चिकोडीकडचे पाव्हणे.

"काय म्हणले, दाजी?"

"तुमच्या रक्तातलंच हाय म्हणं."

आमच्याकडं सोयरीक जुळवताना जमिनीआधी घरातला आजार विचारतात. बाबूच्या मुलीची, रेखाची सुपारी ह्याच पाव्हण्यांकडं फुटली होती, लग्न ठरलं होतं. महिन्याभरात पाव्हण्यांनी नकार कळवला.

पुढच्या केमोला मी डॉक्टरांना विचारलं, हे तिच्या माहेरच्या रक्तातलं, तर आमच्या मुलाचीही तपासणी करायची का?

"हे माहेरून आलेलं नाही, आजोबा. गाठीत आत्ता जीन कसे वागताहेत, तेवढंच ही तपासणी सांगते. वर्षानुवर्षांच्या धुरानंही त्यांचं वागणं बदलतं. घरात कोण ओढतं?"

सुशीला म्हणाली, "ओढायचे. सोडली आता." सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर आधी विचारून घ्या, हे घराण्यातून आलंय की गाठीतच घडलंय? मगच बाहेर बोला.

एसटीत सुशीला एवढंच म्हणाली, "बाबूला सांगा. पोरगी घरात बसलीया."

"सांगतो," म्हटलं. गेलो नाही. विड्यांचं सांगावं लागलं असतं. दीडेक वर्षानं आजार उलटला. पडल्या पडल्या ती विचारायची, "सांगितलासा?" एकदा मी "व्हय" म्हणालो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. त्या भरवशावर ती निर्धास्त गेली.

तोवर रेखाला लोंढ्याकडं बिजवराला दिली होती.

बाराव्याला बाबू आला. पाव्हणे जेवून उठल्यावर माझ्याजवळ बसला, दोन्ही हात धरले.

"आमच्या रक्तानं तुमचं घर बुडालं, दाजी. माफ करा."

सुशीलाचा फोटो समोरच होता. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "असू दे रं, बाबू."