पाठ टेकण्याची परीक्षा

स्केट्स स्केटिंगच्या वर्गातल्या सगळ्यांकडे होते, स्केटबोर्ड मात्र एकच होता. तो रिंकशेजारच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे. वर चिकटवलेला खरखरीत काळा कागद मधोमध घासला होता, एका टोकाचं लाकूड उडालं होतं. दोन वर्षं रोज सकाळी नाड्या बांधताना मी त्याच्याकडे बघत होतो. मी तेव्हा आठवीत होतो. वर्गात माझ्याइतका वेग कुणाचा नव्हता, हे आमचे सरही मान्य करत. तरी बोर्ड मिळत नव्हता, कारण त्याआधी एक परीक्षा होती आणि ती वेगाची नव्हती.

ती पडण्याची होती.

"बोर्ड पायाखालनं पुढं पळतो," सर सांगत, "आणि माणूस मागं राहतो. म्हणून मागं पडता आलं पाहिजे."

त्यांची पद्धत ठरलेली होती. तोल गेला की आधी गुडघे वाकवायचे, म्हणजे जमीन जवळ येते. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. मुठी मिटून छातीशी घ्यायच्या, बुडावर बसायचं आणि पाठ गोल करून एका खांद्याकडे लोळायचं. हात मागे टेकायचा नाही. टेकला की सगळं वजन मनगटावर येतं. "बुडाला मांस कशाला दिलंय देवानं?" असं ते प्रत्येक नव्या पोराला विचारत. हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचे पॅड आणि मनगटाचे गार्ड घातल्याशिवाय सिमेंटवर पाय ठेवू देत नसत. हेल्मेटचा पट्टा ढिला असला तर तो ओढून दाखवत आणि घरी पाठवत.

पुढे पडणं मला जमत होतं. मागे पडणं जमत नव्हतं. तोल मागे गेला की माझं अंग हवेतच वळायचं आणि मी हात पुढे टाकून पोटावर आदळायचो. गवतावर सराव करतानाही तेच व्हायचं.

"पैलवान, परत," सर म्हणायचे.

पैलवान हे टोपणनाव त्यांनी माहिती काढून दिलं होतं. आजोबा कुस्ती खेळायचे, वडीलही खेळायचे. पाचवीपर्यंत मीही तालमीत होतो. तांबड्या मातीच्या हौद्यात पहिल्यांदा शिकवलं ते हेच की पाठ मातीला लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. घरी गादीवर चुलतभावाशी झोंबाझोंबी झाली तरी वडील दारातून ओरडायचे, "वळ! पोटावर वळ!" पुढे तालीम सुटली, पण अंगाचं वळणं सुटलं नाही.

त्या जूनमध्ये माझी आतेबहीण शाहूवाडीकडच्या गावातून आमच्याकडे शिकायला आली. माझ्याहून एक वर्षानं लहान. घरी एकटी काय करेल म्हणून आईनं तिला माझ्याबरोबर रिंकवर धाडलं आणि माझे जुने स्केट्स तिला दिले. ते मला लहान होत होते, तिला मोठे. सरांनी तिला जाड मोज्यांचे दोन जोड घालायला लावले, टाच हलते का ते दाबून बघितलं आणि मगच उभं केलं. नाड्या मी बांधायच्या, असं आईनं सांगितलं होतं. मी बांधत होतो.

ती वाईट चालवायची. वळताना आतला पाय उचलायची, थांबायचं असलं की कुंपणाची जाळी धरायची. या चुका मी रोज बघत होतो आणि त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत, हेही बघत होतो. सगळ्यांचं लक्ष तिच्या पडण्याकडे असायचं. ती पहिल्याच दिवशी मागे पडली आणि सरांनी शिट्टी वाजवून रिंक थांबवला.

"ए शाहूवाडी, परत पड बघू."

ती परत पडली. गुडघे, बूड, पाठ, खांदा. मुठी छातीशी. उठताना हसत होती.

"बघा रे. ह्याला म्हणायचं पडणं. कुठं शिकलीस?"

"पडलो न्हाय सर, बसलो," ती म्हणाली. गावाकडच्या मुलींसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलो म्हणायची. "आमच्यात भाताच्या लावणीच्या टायमाला चिखलात पाय सरकतोय की. दोन्ही हातात रोपांच्या मुठी असत्यात. हात टेकला तर रोपं मोडत्यात, मग आई शिव्या घालती. म्हणून बसायचं."

सगळे हसले. मी गार्डचा पट्टा सोडून पुन्हा लावला.

त्या महिन्यातच ती परीक्षा पास झाली आणि बोर्ड खिळ्यावरून उतरला. सरांनी तिला आधी गवतावर, मग सिमेंटवर, मग रिंकच्या कडेच्या बुटक्या उतारावर नेलं. ती उतारावरून खाली यायची तेव्हा मी स्केट्सवर फेऱ्या मारत असायचो आणि प्रत्येक फेरीत मान त्या बाजूला जायची. ती पडावी असं मला वाटायचं. ती पडायचीही. पडली की सर खूश व्हायचे.

घरी येताना ती स्केट्सची पिशवी खांद्यावर टाकून बाजूनं चालायची.

"दादा, तू वळतोस कशाला रं?"

"वळत न्हाय."

"वळतोस की. भोवऱ्यागत. हातात कायतरी धरून बघ. रोपांची मूठ हाय असं समज."

"तुझं तू बघ."

"बरं, ऱ्हायलं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत गादी पसरून मागे पडत होतो. वडील कामावरून आले आणि चप्पल न काढता उभे राहिले.

"काय करालास?"

"पाठीवर पडायला शिकतोय."

"ह्या घरात ते कुणी शिकलं न्हाय अजून," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "मामा, मी शिकवतो की त्याला!"

वडील हसले. मी तालीम सोडल्यापासून माझ्या कुठल्या गोष्टीवर ते असे हसले नव्हते. तिनं काही म्हटलं की मात्र हसायचे. भाकरी जास्त खाल्ली तरी हसायचे. मी गादी गुंडाळून ठेवली.

पुढच्या रविवारी माझी परीक्षा होती. बहिणीनं वडिलांना सांगितलं असावं, कारण जाळीबाहेर आमची स्कूटर उभी होती आणि ते सीटला टेकून उभे होते. मी पत्र्याच्या खोलीत गेलो. दोन्ही हातांत एकेक रुमाल चुरगळून धरला आणि मुठी मिटल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. तिला दिसू नये म्हणूनच रुमाल छोटे घेतले होते.

सर म्हणाले, "पैलवान, मागं."

चाकं पुढे सरकली. अंग वळायला निघालं, ते मला कळलं. पण हात उघडले तर रुमाल पडणार होते. मी मुठी आवळल्या आणि गुडघे वाकवले. बूड टेकलं, मग पाठ टेकली, मग खांदा. हेल्मेट सिमेंटला लागलं नाही. वर आभाळ दिसलं. एवढ्या वर्षांत पडल्यावर मला नेहमी जमीनच दिसली होती.

"पाठ लागली!" बहीण जाळीजवळून ओरडली, कुस्तीच्या मैदानात लोक ओरडतात तशी, आणि टाळ्या वाजवायला लागली. "मामा, बघितलं न्हवं? पाठ लागली!"

वडिलांनी स्कूटरचा आरसा नीट केला. मग परत माझ्याकडे बघायला लागले. गेले नाहीत.

सरांनी बोर्ड आणून माझ्यासमोर ठेवला. काळ्या कागदावर तिच्या बुटांच्या दोन धुळकट खुणा होत्या, एक पुढच्या चाकांच्या स्क्रूवर, एक मागच्या वळलेल्या शेपटाकडे. पाय कुठे ठेवायचे, हे त्यावरून आपोआप कळत होतं.

"तिथंच ठेव," सर म्हणाले.

मी तिथे ठेवले नाहीत. पुढचा पाय मुद्दाम मागे घेतला आणि रेटा दिला. बोर्ड पुढे पळाला, मी मागे राहिलो. पुन्हा आभाळ. हनुवटी छातीला होती, मुठी मिटलेल्या होत्या, आणि रुमाल तर मी मघाशीच खिशात टाकले होते.

बोर्ड घरंगळत तिच्याजवळ जाऊन थांबला. तिनं तो पायानं अडवला.

"दादा," ती म्हणाली, "पडलास का बसलास?"

"पडलो," मी म्हणालो. "दे इकडं."

तिनं लगेच दिला नाही. आधी त्यावर पाय ठेवून एक फेरी मारून आली.