ताईचं उसवणं

मला लिहायची सवय नाही. पण भाचा म्हणाला, "मामा, आईबद्दल चार ओळी तुम्हीच लिहा, दुसऱ्या घरांना उपयोग होईल," म्हणून बसलो आहे. जमेल तसं लिहितो.

ताई माझी थोरली बहीण. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन ठेवून तिने जन्मभर कपडे शिवले, त्यावरच संसार ओढला. तिचं एकच खूळ. टीप जरा वाकडी गेली की गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी ती उसवायची आणि पुन्हा घालायची. "अहो, आतून कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं की म्हणायची, "मी बघतेय ना!"

म्हातारपणी तिने घरातले कपडे उसवायला घेतले, तेव्हा आम्हाला ते जुनंच खूळ वाटलं. तिथेच आम्ही फसलो. अभ्रे, पडदे, शर्टाच्या बाह्या, दिसेल ती शिवण ती उसवायची. पुन्हा शिवणं मात्र तिला सुचत नसे. आम्ही कात्री लपवली, तर नखांनी आणि दातांनी दोरे ओढू लागली. बोटं रक्ताळली. अडवलं की अंगावर धावून यायची.

एका सकाळी ताईच्या सुनेच्या कामावर जायच्या कोटाची बाही लोंबताना दिसली. सून पलंगावर बसून रडली. "मामा, त्या मला नकोशा नाहीत हो. पण आता माझ्याच्याने होत नाही."

भाच्याने वृद्धाश्रमात जागा बघितली. त्याआधी एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवू, असं ठरलं.

"फार हट्ट करते हो," मी त्यांना म्हणालो.

"हट्ट नाही, आजोबा. मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवरची काही केंद्रं यांच्यात सारखी निरोपांची ये-जा असते. काम झालं, आता थांब, हा निरोपही त्याच वाटेने येतो. यांच्या आजारात ती वाट झिजली आहे. हात सुरू होतो, पण थांबत नाही. औषध देते, फरक पडेलच असं सांगत नाही. हात अडवू नका, इजा होणार नाही असं काहीतरी हाताला द्या."

लहानपणी ताईने मला धावदोरा शिकवला होता. पक्की टीप घालण्याआधी कापड धरून ठेवायला घालतात तो, ओढला की सुटणारा. मी जुनी चादर फाडली आणि तुकडे जोडायला बसलो.

"मामा, दोरा ओवता येतोय का?" सुनेने विचारलं.

"दोरा येतोय गं, सुईच दिसत नाही."

बऱ्याच दिवसांनी ती हसली.

ताईने माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. "कुणी शिवलंय हे?"

"मी."

"बैल मुतल्यासारखं गेलंय!" म्हणाली, आणि टोक धरून दोरा ओढला. तो अलगद निघून आला. बोटाला काही झालं नाही.

वृद्धाश्रमाचं भाच्याने तूर्त लांबणीवर टाकलं. आजार काही थांबलेला नाही, तो वाढतोच आहे. पण रोज सकाळी मी शिवतो आणि दिवसभर ती उसवते.

परवा माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तू कोण रे?"

"शिवण शिकायला येतो," म्हणालो.

"मग उजेडाकडे तोंड करून बस," ती म्हणाली, आणि खिडकीपाशी सरकून मला जागा दिली.