मोरीला घाबरणारी जुई आणि मालवणचं गढूळ पाणी

मालवणला जायचं ठरलं ते आमच्या घरात कुणी हसत नव्हतं म्हणून. लोक सुट्टी लागली म्हणून जातात, वाढदिवस आहे म्हणून जातात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. गेल्या वर्षी मला सातवा महिना असताना माझं दुसरं बाळ गेलं, आणि तेव्हापासून वसईजवळच्या आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मोठ्याने बोलतो तो फक्त टीव्ही. घरात माणसं तीन. मी, नवरा नितीन आणि नऊ वर्षांची जुई.

जुई मला नजरेआड होऊ देत नाही. मी बाथरूममध्ये गेले की बाहेर दाराला पाठ लावून बसते. शाळेची व्हॅन खाली येते, तिथपर्यंत मी चार जिने सोबत उतरले नाही तर तीही उतरत नाही. आधी अशी नव्हती. त्याआधीच्या उन्हाळ्यात पोहायला शिकली तेव्हा मला काठावरून हाकलून द्यायची. म्हणून नितीनच्या ऑफिसातल्या एकाने तारकर्लीचे, पाण्याखालचे फोटो दाखवले तेव्हा मला एवढंच वाटलं, की माझा हात सोडून ही पोरगी एकदा पाण्यात उतरली तर बरं होईल. बाकी रंगीत मासे दिसोत न दिसोत.

जुईने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तिथे शार्क असतात?"

नितीन मूळचा कराडकडचा. समुद्र त्याला लग्नानंतर भेटला, त्यामुळे त्याचा सगळा भर वाचण्यावर. त्याने रात्रीच्या जेवणाला शार्कवर व्याख्यानं सुरू केली. शार्क माणसाला खात नाही, चुकून चावतो, आपल्या किनाऱ्यावर तर विचारूच नको. शार्कपेक्षा डोक्यात नारळ पडून जास्त माणसं मरतात, असंही त्याने कुठेतरी वाचलं होतं. परिणाम एवढाच झाला की वटारला माझ्या माहेरी गेल्यावर जुई वाडीतल्या माडांखालून चालेना.

मग मी शहाणपणा केला. मी खाडीकाठची, मासळीवर वाढलेली. म्हटलं, "अगं, शार्क म्हणजे कोण मोठं? आपली मोरी! कालवणातली. आपणच तिला खातो."

जुईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, विश्वास बसत नाहीये. प्रत्यक्ष दाखवली की भीती जाईल, म्हणून रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवर बसवून पाचूबंदरला घेऊन गेले. शार्कची भीती घालवायला मुलीला मासळीबाजारात नेणारी आई वसईशिवाय कुठे सापडेल, मला शंका आहे.

मासेवाल्या मावशींकडे मोऱ्या होत्या, हातभर लांबीच्या, करड्या. मावशी हसल्या. "कोनाला भितेस गो बाय? हिला? ही काय करनार तुला? बघ, दाताला लाव बोट." जुईने बोट लावलं नाही, पण बघत राहिली. मीच म्हटलं, एक कापून द्या. मावशींनी पोटावरून कोयता फिरवला आणि आतून पिल्लं बाहेर आली. पूर्ण घडलेली, बोटाएवढी, डोळे असलेली. मोरी अंडी घालत नाही, पिल्लं देते, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

"पिलंवाली निघाली," मावशी सहज म्हणाल्या. "बालंतिनीला लई चांगली. दूध येतं."

मी पिशवी न घेताच निघाले. परतीच्या वाटेवर जुईने माझ्या पोटाभोवती हात असे आवळले होते की मला श्वास घेणं जड जात होतं. तिने एवढंच विचारलं, "मोजली होतीस? सात होती."

तरी आम्ही गेलो. होमस्टेचे पैसे भरले होते आणि घरी बसून दुसरं काय करणार होतो?

ज्यांना रस्त्याची माहिती हवी त्यांच्यासाठी: फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. घोडबंदर, ठाणे, पनवेल आणि तिथून मुंबई-गोवा महामार्ग. माणगाव शक्यतो सकाळी आठच्या आत पार करा, आम्ही ते केलं नाही आणि दीड तास एका ट्रकचं मागचं फळकुट वाचत बसलो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा त्रास वाचतो. चिपळूणला जेवण, कणकवलीला चहा, कसालला उजवीकडे मालवणचा फाटा. साडेसहाला पोचलो. लहान मुलं असतील तर एका दमात जाऊ नका, चिपळूणला मुक्काम करा. जुई साडेतेरा तासांत वीस वाक्यं बोलली असेल, त्यातली निम्मी "तू कुठे चाललीस" अशी.

होमस्टे स्वच्छ होता, खोलीचे दीड हजार, जेवण वेगळं. मालकीण वहिनी फार प्रेमळ. त्यांनी मुंबईकडचे पाहुणे म्हणून आमच्यासाठी खास बेत केला होता. "आज मोरीचा मटण केलंय," त्या ताट ठेवत म्हणाल्या. "खावन तर बगा."

जुईने ताट सरकवलं आणि उठून अंगणात गेली. मागोमाग मी. ती तुळशीजवळ ओकली. वहिनी बिचाऱ्या घाबरल्या, तिला गाडी लागली असेल म्हणून लिंबू घेऊन आल्या. नितीन मला हळूच म्हणाला, "उद्याचं रद्द करूया का?" मी चिडले. रद्द करून परत साडेतेरा तास त्या शांत गाडीत बसायची माझी तयारी नव्हती.

सकाळी आभाळ भरलेलं होतं. स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: आदल्या दोन दिवसांत वारा असेल तर पाणी ढवळलेलं असतं, आणि मग तळ दिसत नाही. आमच्या बोटीवर येणारी दोन कुटुंबं म्हणूनच आली नाहीत. आम्ही माणशी पाचशे आधीच दिले होते. बोटवाले तात्या साठीचे, काळे, सडसडीत. त्यांनी सरळ सांगितलं, "पाणी आज गढूळ आसा. पैशे परत देतंय, व्हया तर." मी म्हटलं, जाऊया.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडकांजवळ बोट थांबली. तात्यांनी मास्क दिले. काचेला आतून थुंकी लावून धुवा म्हणजे वाफ धरत नाही, घाण वाटली तरी लावाच. मुलांसाठी मास्क स्वतःचा घेऊन जा, भाड्याचे मोठे पडतात. जुईने मास्क हातातही घेतला नाही. नितीनने पुन्हा शार्क आणि नारळ सुरू केलं तेव्हा मी त्याला गप्प बस म्हटलं, जरा जोरातच.

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. "कित्याक भियातस गो चेडवा? मोरी हय खडपात नाय येवची. आता तर ती आमकाच पयल्यासारकी गावणा नाय."

"का गावत नाही?" जुईने विचारलं.

"धरून धरून संपली. पिल्लांसकट धरली तर ऱ्हवतली खय?"

जुई रडायला लागली. बाजारात नाही, अंगणात नाही, इथे. मी तिला जवळ घेतलं तर तिने माझा ड्रेस मुठीत धरला आणि म्हणाली, "तू पाण्यात जाऊ नको. ती तुला पण नेईल."

"कोण?"

"मोरी. आजीने बाळासाठी मोरी केली होती. मी पण खाल्ली, दोन तुकडे. मग बाळ आलंच नाही." तिला हुंदक्यांमुळे बोलता येत नव्हतं. "तिच्या पोटात पण पिल्लं असणार. आपण तिची घेतली, म्हणून तिने आपलं घेतलं."

नितीन समुद्राकडे तोंड करून बसला.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात, दूध यावं म्हणून. मला अचानक दवाखान्यात नेलं तेव्हा वटारला आईला एवढाच निरोप गेला होता, की वेळेआधी होतंय. बाळ लहान असेल, पण असेल, असं समजून तिने मोरी आणली आणि शिजवली. कालवण नुकतंच शिजलं होतं, तेवढ्यात पुढचा फोन आला. जुई तेव्हा आजीकडेच होती, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होती. आई रडायला बाहेर गेली, शेजारणी आल्या, आणि जुईला कुणीही काही सांगितलं नाही. मी पाच दिवसांनी रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा मीही सांगितलं नाही. दवाखान्यातच तिसऱ्या दिवशी मला दूध आलं होतं, मोरी न खाता, आणि ते आटेपर्यंत माझ्या अंगात कुणाला काही समजावायची ताकद नव्हती. मला वाटलं होतं, लहान आहे, विसरेल. ती एक वर्ष दोन तुकड्यांचा हिशेब मनात घेऊन फिरत होती. आणि तिच्या मनातल्या गोष्टीत तेवढी पिल्लं कमी होती, ती मीच तिला पाचूबंदरला नेऊन दाखवली.

मी तिला बोटीत सांगितलं. चांगलं नाही सांगितलं, अडखळत सांगितलं. बाळाचं हृदय माझ्या पोटातच थांबलं होतं. का थांबलं ते डॉक्टरांनाही कळलं नाही. कुणी नेलं नाही. मोरीने नाही, तुझ्या दोन तुकड्यांनी नाही, आजीच्या कालवणाने नाही. "मी आधी सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "मला रडू येईल म्हणून नाही सांगितलं." आणि मला रडू आलंच, तात्यांच्या देखत. त्यांनी उगाच इंजिनाचं झाकण उघडून आत बघितलं.

बऱ्याच वेळाने जुईने नाक पुसलं. "मी नाही उतरणार," ती म्हणाली.

"नको उतरू."

"तू उतर. मी दोरी धरते."

स्नॉर्केलिंगला रबरी टायरची एक रिंग देतात, ती दोरीने बोटीला बांधलेली असते. तात्यांनी गाठ सोडली नाही, शहाणा माणूस, पण मधली दोरी तिच्या हातात दिली. मी मास्क लावला आणि उतरले. पाणी गार होतं. डोकं आत घातलं तर हिरवट धुरळा, हाताच्या पलीकडे काही दिसेना. एकदा काळेपांढरे पट्टे असलेले चार मासे गेले, तात्यांनी टाकलेला पाव खायला आले होते. बस, इतकंच. तुम्ही फोटोत बघता ते प्रवाळ, ते निळं पाणी, मला काही दिसलं नाही. मास्कच्या आत रडता येत नाही हे मात्र कळलं, पाणी डोळ्यांशी साचतं आणि नाक बंद झालेलं असतं. मी डोकं वर काढलं. जुई बोटीच्या काठावर पाय टेकून दोन्ही हातांनी दोरी ओढून धरून होती, दोरीला ताण नसतानाही.

"दिसतेयस मला," ती ओरडली. "आणखी दोन मिनिटं थांब हवं तर."

मी थांबले.

रविवारी परत निघालो. वहिनींनी सोलकढी बाटलीत भरून दिली आणि मोरीबद्दल माफी मागितली, ज्यात त्यांची काही चूक नव्हती. परतीला माणगाव संध्याकाळी लागलं, तेव्हाही तुंबलेलंच. खर्च तिघांचा साधारण बारा-तेरा हजार झाला, पेट्रोल धरून. स्नॉर्केलिंगसाठी म्हणून जात असाल तर वारा बघून जा, आमच्यासारखे जाऊ नका. मुलं शार्कला घाबरत असतील तर माहिती जरूर सांगा, पण आधी त्यांना विचारा, तुला नेमकं काय वाटतंय. मी विचारलं नव्हतं.

घर तसंच आहे. हसू परत आलं असं खोटं लिहिणार नाही. आईला मी फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मी तिला ताट वाढलं होतं गो, मीच." तिचं मी कसं समाधान करू, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी जुई दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी चप्पल घालायला वाकले.

"आई, भाऊ होता की बहीण?"

वर्षभरात तेवढंही कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बहीण."

तिने नाडीची गाठ ओढून घट्ट केली. "मग माझे फ्रॉक तिला झाले असते," ती म्हणाली. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. तिने दप्तर खांद्याला लावलं, माझ्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाली, "तू नको येऊस. खिडकीतून बघ."

मी खिडकीत गेले. चार जिने उतरायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.