पहिल्या झाडाची डहाळी

आमची शेवटची भेट संत्र्याच्या बागेत झाली, आणि तीही कुरबुरीची. नांदगाव खंडेश्वरजवळ आमची बाग आहे. मी अकोल्याला लेकीकडे निघाले होते, एसटीची वेळ होत आली होती आणि आमचे हे मला झाडं दाखवत बसले होते. बागेला ताण दिलेला होता. आमच्याकडे थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. पानं चिमतात, पिवळी पडून गळतात, झाड मेल्यासारखं दिसायला लागतं आणि मग पाणी सोडून ताण तोडला की अंगभर बहार फुटतो. सगळं आयुष्य या बागेत गेलं तरी मला तो ताण बघवत नाही. "एवढा छळ कशाला? थोडं पाणी द्या न," मी म्हटलं. तर हसले. "काहून घाबरून राहिली? मेले नाई ते, झोपले हायेत. तू आली का उठवू." मी रागातच एसटीत बसले. हात हलवला होता की नाही, ते आता आठवत नाही…

अकोल्यात फोन आला तो शेजारच्या मळ्यातल्या रामरावांचा. "वहिनी, लवकर या," एवढंच बोलले, आणि त्यांच्या आवाजावरून मी समजले. बागेतच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी कबरीपाशी पाळकसाहेब पुनरुत्थानाविषयी फार चांगलं बोलले, असं सगळे सांगतात. मी काही ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, आता बागेचा ताण कोण तोडणार? नवरा मातीत चाललाय आणि बाईला झाडांची पडली आहे. तिथेच पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

यांचं नाव शमुवेल, पण गावाला ते सामूभाऊ. नाव घेऊन हाक मारायची सवय मला कधी लागलीच नाही, म्हणून इथेही 'हे'च लिहिते. चर्चमध्ये यांना हमखास डुलकी लागायची. पण ताण तोडायच्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून विहिरीजवळच्या पहिल्या झाडापाशी जायचे, खोडावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "ऊठ वं बाई, झाली झोप." मग पाणी सोडायचे. येशूनं मेलेल्या पोरीला हात धरून उठवलं, ती गोष्ट यांची लाडकी. रामराव बांधावरून ओरडायचे, "सामूभाऊ, तिले चहा बी देजा!" हे स्वतःच खो खो हसायचे. यांची सगळी श्रद्धा तेवढ्या एका वाक्यात होती. ख्रिस्ताचा वसंत दरवर्षी यांच्या हाताखाली उगवायचा, आणि मी घरात बसून भाकरी गार होतेय म्हणून करवादायची.

बहार आला की नातवंडांनासुद्धा फुलाला हात लावू द्यायचे नाहीत. एक फूल म्हणजे एक संत्रं. पण पहिल्या झाडाची एक डहाळी मात्र स्वतः तोडून आणायचे आणि माझ्यापुढे धरायचे. "माळ." मी इकडेतिकडे बघायची. या वयात? लोक काय म्हणतील? डहाळी स्टीलच्या ग्लासात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून द्यायची. नवी नवरी होते तेव्हा सासूची लाज, नंतर मुलांची, मग सुनेची. हे रोज सकाळी त्या ग्लासातलं पाणी बदलायचे…

घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. एका सकाळी रामराव ओसरीवर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, आता पाणी सोडा. जास्त ताणलं तर झाडं हातचे जातीन." मी गेले. खोडावर हात ठेवला. ते वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही. पाणी सोडलं आणि परतले. पुढे काही दिवसांनी पहाटे जाग आली ती वासानं. सगळं घर त्या वासानं भरलं होतं. बाहेर जाऊन पाहते तर बाग पांढरी झालेली, मधमाश्यांची नुसती झुंबड. काय सांगू, मला भूक लागली! कितीतरी दिवसांनी कडकडून भूक. ठेच्याशी दोन भाकऱ्या खाल्ल्या, चर्चमधलं एक भजन गुणगुणत भांडी घासली, आणि बागेतून येताना पहिल्या झाडाची डहाळी तोडून अंबाड्यात कधी खोचली ते माझं मलाच कळलं नाही.

नेमकी तेव्हाच कडी वाजली. भजन गुणगुणतच मी दार उघडलं. दारात माझी नणंद, मार्थाबाई. अमरावतीहून आल्या होत्या, यांच्याहून मोठ्या. त्यांची नजर माझ्या अंबाड्यावर गेली आणि तिथेच राहिली. "भावाच्या कबरीची माती बसली नाई अजून," त्या म्हणाल्या, "अन् तू फुलं माळून राहिली? गाणे म्हणून राहिली?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काय सांगणार? मी जिवंत आहे, हे कसं सांगायचं? डहाळी काढून मी ग्लासात ठेवली. मार्थाबाई खूप रडल्या, मीही रडले. चहा न घेताच त्या गेल्या. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, कदाचित जास्तच.

रात्रभर ती डहाळी दिसत होती. लाज वाटत होतीच. पण सकाळपर्यंत लाजेचं कारण बदललं. यांनी डहाळी पुढे धरली होती तेव्हा मी लोकांकडे बघितलं, आणि आजही लोकांकडेच बघत होते. मेलेलं उठतं यावर माझा विश्वास आहे, असं दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून म्हणायचं, आणि स्वतःला भूक लागली की तोंड लपवायचं…

तो रविवार होता. मी चर्चला गेले. बायकांच्या बाकावर जाऊन बसले. पलीकडच्या बाकावर कुजबुज झाली, कान तापले, मान वर करवेना. हात दोनदा अंबाड्यापर्यंत गेला आणि डहाळी न काढता तसाच खाली आला.

खिडकीतला ग्लास रिकामा आहे.