पावणेदोन तास मी गप्प राहिले

मैत्रिणींनो, एक सल्ला हवाय.

आम्हा चौघांचा कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणजे केळीवाल्यांसाठी ट्रक बुक करायचं ॲप. आज बारा वाजता ते मॅडमना दाखवायचं होतं. दहा वाजता सगळ्यांचं काम एकत्र करताना माझ्या हातून हेमंतचा बुकिंगचा पूर्ण भाग पुसला गेला.

मी चौथीपर्यंत घरीच आईकडे शिकले. चूक झाली की लगेच सांगायची, हा तिचा पहिला नियम. तरी मी तो भाग परत मिळतो का ते गुपचूप शोधत बसले. पावणेबाराला सांगितलं.

"बठ्ठं गयं? सगळंच? कधी?" हेमंतने विचारलं.

"आत्ताच," मी म्हणाले.

"अरे देवा! असोद्याला घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी आहे. दहाला कळलं असतं तर गाडीवर जाऊन घेऊन आलो असतो ना बाई!"

मॅडमनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडून गेलं, मॅडम." सगळ्यांचेच मार्क कापले गेले.

उद्या प्रत्येकाने टीममधल्या संवादाबद्दल पानभर लिहून द्यायचंय. माझ्या पानावर "आत्ताच" हे खोटं राहू द्यायचं नाही, पण त्याआधी हेमंतला सांगायला हवं. तीनदा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला.

तुम्ही पहिलं वाक्य काय बोलला असता?