समुद्रातल्या विहिरीवर

मोठा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकतीच लागले होते. हे मॅट्रिक झालेले, पण काम नव्हतं, म्हणून सडकेवर खडी फोडायला जात. एक दिवस पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारायची सरकारी गाडी गावात आली. अख्खं गाव बघायला लोटलं. हेही गेले, ते दुपारच्या भाकरीलाही आले नाहीत. दिवस मावळताना दारात उभे राहिले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले. ओळखू येत होते ते फक्त डोळे.

“काय करून राहिलात दिवसभर?” मी विचारलं.

“पाइप उचलून राहिलो. त्यांचा एक माणूस आजारी पडलाय. उद्या पण ये म्हणले.”

तो आजारी माणूस परत आलाच नाही आणि हे त्या गाडीबरोबर गावोगाव हिंडायला लागले. काळा पाषाण फोडून पाणी वर आलं की लोक नारळ फोडत, बोअर मारणाऱ्या मिस्त्रीच्या गळ्यात हार घालत. नाही आलं तर कुणी चहासुद्धा विचारत नसे. दुष्काळ सरला तरी यांचं काम सुटलं नाही. पुढं काही वर्षांनी तो मिस्त्री मुंबईकडे, समुद्रातल्या तेलाच्या कामावर लागला. त्यानं यांनाही बोलावून घेतलं.

सासऱ्यांना हे काही केल्या पटेना. “पाण्यात विहीर? पाण्यात विहीर कशाला खणायची?”

“तेलासाठी, बाबा. खाली जमीनच हाय की. तिला भोक पाडायचं.”

“आन् उभं कशावर राहायचं?”

यांनी पाटीवर चित्र काढून दाखवलं. समुद्राच्या तळाला टेकलेले लोखंडी पाय, त्यांच्यावर माळ्यासारखी जागा, तिच्यावर बोअरच्या गाडीसारखाच मनोरा, पण पंधरा गाड्या एकावर एक रचाव्यात एवढा उंच. सासरे बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, “वारा लई असंल.”

पंधरवडा समुद्रात, पंधरवडा घरी, असा आमचा संसार सुरू झाला. मुंबईहून हेलिकॉप्टरनं कामावर जातात, हे ऐकून शाळेतली पोरं माझ्याकडे जरा आदरानं बघू लागली. हे सुट्टीवर आले की अंगणात माणसं जमत. चारी बाजूंनी पाणी कसं दिसतं, हे सगळ्यांना ऐकायचं असे. हे हसून सांगत, “पाणी डोळ्यांत मावत न्हाई एवढं. पण प्यायचं पाणी मात्र जहाजानं आणावं लागतं, आपल्या टँकरसारखं.” सासऱ्यांना वेगळंच ऐकायचं असे. आमचं घर बौद्ध. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावं लागे, ते दिवस सासऱ्यांनी अंगावर काढलेले. हे सांगत की तिथं साहेबापासून मजुरापर्यंत एकाच लांब टेबलावर जेवतात आणि वाढणारा कुणाला गाव विचारत नाही. सासरे म्हणत, “पुन्हा सांग.” हे पुन्हा सांगत.

तिथं यांना एक जिवलग मिळाला. आमच्याच भागातला, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचा. हिंदू शेतकऱ्याचा एकुलता मुलगा, वडील नाहीत, घरी आई आणि थोडी कोरडवाहू जमीन. दोघांच्या पाळ्या जुळत. एका सुट्टीत तो यांच्याबरोबर आमच्या घरी आला. उंच, काळासावळा, सतत बोलणारा. बोलता बोलता मधेच तेलुगू शब्द टाकायचा. माझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी म्हणे, “वहिनी, आणखी वाढा. तिकडं सगळं गोडमिट्ट जेवण असतं.” सासऱ्यांच्या शेजारी बसून तो पोटभर जेवला आणि जाताना त्यांच्या पाया पडला. सासरे त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेले.

त्याच मुक्कामात दोघांचं एक बोलणं माझ्या कानावर पडलं. रिगवर, म्हणजे समुद्रातल्या त्या माळ्यावर, आग लागली किंवा गॅस सुटला तर उतरून जायला बंद होड्या असतात, लाइफबोटी. त्यातल्या एका बोटीचा मागचा हूक गंजून अडकत होता. ती बोट तपासायचं काम या देगलूरच्या मुलाकडे होतं.

“रिगच्या साहेबाला तुमच्यासमोर सांगितलं, नंतर परत सांगितलं, दादा,” तो म्हणाला. “खोदायचा हा टप्पा संपू दे, मग बघू म्हणतो. काम थांबवायला तयार न्हाई.”

“दर हप्त्याला बोटीची तालीम होते की.”

“तालीम कसली? सायरन वाजतो, आपण बोटीपाशी उभं राहतो, हजेरी लागते, संपलं. बोट पाण्यात सोडून कधी बघितली का कुणी?”

 दोघं उठून मारुतीच्या पाराकडे निघून गेले.

त्या वर्षीही पाऊस रुसलेला होता. पेरलेलं वाळून चाललं होतं. हे दोघं पाळीवर समुद्रात गेले होते. एका संध्याकाळी मी चूल पेटवत होते आणि सासरे रेडिओ लावून बसले होते. बातम्यांत सांगितलं की समुद्रातल्या एका रिगवर तेलविहिरीतून वायू उसळला, आग लागली, कामगारांना बाहेर काढणं सुरू आहे. रिगचं नाव आम्हाला नीट कळलं नाही. सासऱ्यांनी रेडिओ कानाला लावला, पण तोवर पिकांचे भाव सुरू झाले होते. मी फुंकणी हातात धरून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि सासरे लातूरला गेलो, मोठ्या पोस्टात. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ट्रंककॉल लावला. दुपार उलटली तरी लागेना. पोस्टातल्या बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली. ती मी सासऱ्यांना दिली. शेवटी फोन लागला तेव्हा पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, “वाचलेल्यांत नाव आहे.” सासरे तिथंच फरशीवर बसले. मग मला सुचलं आणि मी देगलूरच्या मुलाचं विचारलं. फोन कट झाला.

हे घरी आले ते कुणाची तरी मोठी पँट आणि रबरी चपला घालून. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. जेवले नाहीत. म्हणाले, “चल, देगलूरला जाऊन येऊ. त्याच्या आईला कुणी काय सांगितलं असंल, कुणास ठाऊक.”

उदगीरमार्गे एसटीनं निघालो. वाटेत यांनी सगळं सांगितलं. सायरन झाला, सगळे बोटींकडे धावले. हे पुढच्या बोटीत होते, ती नीट उतरली. दुसरी, तीच अडकणारी. पाण्याला टेकायच्या आधीच तिचा पुढचा हूक सुटला, मागचा सुटेना. बोट एका टोकावर लटकली. यांचा मित्र आत होता. दार उघडून तो मागं गेला आणि हूक हातानं सोडवू लागला. हूक सुटला, बोट पाण्यात पडली, आतली माणसं वाचली. तो बाहेर होता. तो सापडला नाही.

“मी हाक मारून राहिलो होतो,” हे म्हणाले, “पण आवाज कसला जातोय त्या आगीत.” आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ओसाड माळ होता, नुसता.

त्याची आई ओट्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. नुसता हात हलवला. “रा, कूर्चो,” म्हणाली, म्हणजे ये, बस. मी तिच्याजवळ जाऊन बसले. शेजारणीनं पाणी दिलं. मग तिनं यांना विचारलं, “बाबू, दोन साहेब आले होते. माझ्या पोराची चूक झाली म्हणत होते. बोटीचं दार उघडायचं नसतं म्हणे. खरं हाय का?”

हे तिच्यापुढं जमिनीवर बसले. “अम्मा, त्याची काही चूक न्हाई. बोट बिघडल्याचं त्यानं आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं न्हाई. आन् दार उघडलं म्हणून बाकीची माणसं जिवंत हायत.”

ती बाई तोवर रडली नव्हती, असं शेजारीण नंतर मला म्हणाली. तेव्हा रडली.

मुंबईला चौकशी बसली. यांनाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी, ज्याला बोटीचं सांगितलं होतं त्याच साहेबानं गाठून म्हटलं, गेलेला माणूस परत येत नाही, तुझी नोकरी मात्र राहील असं बघ. हे चौकशीच्या खोलीत शिरले. साहेब समोरच बसला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, “बोटीत बिघाड आहे हे कुणाला माहीत होतं?” यांनी साहेबाकडे बोट केलं आणि म्हणाले, “यांना. माझ्या मित्रानं सांगितलं होतं. एकदा माझ्यासमोर.”

त्यानंतर यांना कामावर बोलावणं आलं नाही. हे पुन्हा बोअरच्या गाडीवर जायला लागले. तेव्हाच लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ पुसून रंगारी नवं नाव लिहीत होते. माझी बदली लातूरला झाली आणि गंजगोलाईच्या बाजाराच्या मागं आम्ही खोली घेतली. दाळ मिलची धूळ खिडकीतून आत यायची, तिला तुरीचा वास असायचा. मला तो वास आवडायचा. अम्मा महिना-महिना आमच्याकडे येऊन राहायची. सासरे आणि ती दारात बसून तूर निवडत. ते मराठीत बोलत, ती अर्धं तेलुगूत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. एकदा ती माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाऊन आली आणि सासऱ्यांसाठी तिथला तांबूल घेऊन आली. ते देव मानत नसत, पण विडा आवडीनं खाल्ला.

चौकशीचा निकाल यायला फार वेळ लागला. आला तेव्हा साहेबाला काढल्याचं कळलं, आणि त्या मुलाची चूक नसल्याचं कागदावर लिहून आलं. यांनी देगलूरला जाऊन तो कागद अम्माला वाचून दाखवला. पुढं दुसऱ्या एका रिगवर माणसं हवी होती. यांना घेतलं. जाऊ नका असं मी म्हटलं नाही. म्हणायचं होतं.

पहिल्याच खेपेहून परत मुंबईला उतरल्यावर यांनी शाळेत फोन केला. हेडमास्तरांच्या खोलीत मी धावत गेले. वाटलं, पुन्हा काही झालं.

“ऐक,” हे म्हणाले. आवाज एवढा मोठा की हेडमास्तरांनाही ऐकू गेला. “तालमीला बोट खाली सोडली. खरोखर, पाण्यात. सगळ्यांना बसवून. दोन्ही हूक सुटले. काम अर्धा दिवस बंद ठेवलं, कुणी काही बोललं न्हाई.”

“तुम्ही जेवलात का?” मी विचारलं. 

“हाव, जेवलो,” ते म्हणाले आणि हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं हसताना ऐकलं.

मी वर्गात परत आले. दुसरीची पोरं दंगा करत होती. मी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.