इलाजाला गेलेली पोरगी

बाबांनी मला पाठुंगळी घेऊन एसटीत बसवलं, तेव्हा बाभुळगावच्या स्टँडवर निम्मं गाव भेटलं. प्रत्येकाला ते सांगत होते, पोरीला पुण्याला इलाजाला पाठवतोय. मी शिकायला चालले होते. खिडकीशी येऊन त्यांनी मलाही बजावलं, "कोणी इचारलं तं इलाजाले चालली म्हणजो. ताईची सोयरीक पाहून राह्यलो आपण." पाहुण्यांना वाटायला नको की हे घराण्यातलंच आहे. माझ्या पोलिओच्या पायांना इलाज नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाव सोडून गेलेल्या तुम्हाला परतल्यावर पगार विचारतात. मला विचारतात, "फरक पडला काय वं?" पुण्यात माझी पुस्तकं निघाली. व्हीलचेअर घेऊन आम्ही कचेऱ्यांपुढे धरणं धरलं, रॅम्प मिळवले, संडासांची दारं रुंद करायला लावली. गावाच्या लेखी मी अजून पेशंटच, तीही गुण न येणारी. याचा मला राग येतो, इतक्या वर्षांनीही तेवढाच येतो.

यंदा ताईच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. कार्यक्रम आमच्या घरी ठेवला होता. ताईच्या वेळचं खोटं आता तिच्या लेकीच्या कामी येत होतं. मायचा फोन आला, "ये, पण थे खुर्ची गाडीतच राहू दे. तू बरी झाली असं सांगतलं त्यायले. पाहुण्याच्या अगुदर सोफ्यावर बसून जाय, मंग उठजो नोको. पाणी कमी पेजो."

संडासासाठी मोर्चे काढणाऱ्या लेकीला हे सांगताना तिचा आवाज जराही अडला नाही.

मी गेले. दारात गाडी लागल्यावर म्हटलं, येईन तर खुर्चीवरच. ताईनं रडत हात जोडले. तिच्या लेकीचं जमत आलेलं मोडायचा मला धीर झाला नाही, आणि सोफ्यावर तर मी मेले तरी बसणार नव्हते. शेवटी ड्रायव्हरनं गाडी मागच्या कडुनिंबाखाली नेली. चहा-पोहे तिथंच आले. आतून हसणं ऐकू येत होतं. पाहुणे जायच्या आधीच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मायचा आनंदानं भरलेला फोन. सोयरीक जमली होती. म्हणाली, "तुहा पायगुण चांगला हाय, बाई."

माझं घर आता असं आहे. तिथं माझा पायगुण आत घेतात, मला गाडीत ठेवतात.